निरगाठ आणि सुरगाठ

माझे वडील मुंबईच्या मूळजी जेठा कापड मार्केटमधल्या एका पेढीवर पार्सलं बांधायचे. तीस वर्षं तेच काम. गोणपाट, दाभण, सुतळी. दिवाळीच्या तोंडावर माल वाढला की मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जायची आणि हातभर लांबीचे सुतळीचे तुकडे करून द्यायची. तिथेच त्यांनी मला दोन गाठी शिकवल्या. जकात नाक्यावर उघडून दाखवावी लागतील अशा पार्सलांना सुरगाठ, रेल्वेने लांब जाणाऱ्या मालाला निरगाठ. निरगाठ सुटत नाही, कापावी लागते. सुरगाठही तेवढीच घट्ट बसते, हमालाने पार्सल आपटलं तरी सरकत नाही, पण तिचं एक टोक बाहेर राहिलेलं असतं. ते ओढलं की सगळं सुटतं. "गाठ कुणीही मारेल, टोक कुठं ठेवायचं ते बघ," असं वडील म्हणायचे. टोक वर लोंबतं ठेवलं तर हमालाच्या आकड्यात अडकून वाटेतच सुटायचं. आत खुपसून ठेवलं तर नाक्यावरच्या माणसाला सापडायचं नाही, तो चाकू चालवायचा आणि गोणपाटाबरोबर आतलं कापडही फाटायचं.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात बकलं बनवते. दप्तरांची, हेल्मेटची, लाइफ जॅकेटची. आराखडा माझा, साचा आमच्या मिस्त्रीकाकांचा, आणि माल शेजारच्या गाळ्यातल्या मोल्डिंग मशीनवर पडतो. बावीस वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं लक्ष अडकवण्यापेक्षा सोडवण्याकडे जास्त जातं. अडकवताना माणूस शांत असतो, दोन्ही हात मोकळे असतात, उजेड असतो. सोडवताना यातलं काय शिल्लक असेल ते सांगता येत नाही. लाइफ जॅकेटचं बकल बनवायला लागल्यापासून हे डोक्यातून जातच नाही.

गेलं दीड वर्ष माझ्या टेबलावर जे काम आहे ते मात्र या सगळ्याहून वेगळं. स्नोबोर्डची बाइंडिंग, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळीला पाय बांधायचं उपकरण. बर्फ फक्त बर्फाच्या गोळ्यात आणि मासळी बाजारात पाहिलेल्या बाईने हे का हातात घ्यावं, असं घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय.

माझा भाचा ठाण्याला राहतो, सव्वीस वर्षांचा आहे. दोन हिवाळे तो गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी, चौथ्या दिवशी संध्याकाळी, शेवटच्या फेरीत तो वाट सोडून फरच्या झाडांच्या कडेला गेला आणि भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतला. लागलं काही नव्हतं. फक्त पाय सोडवून उठायचं होतं. पुढच्या पायाचे दोन्ही पट्टे सुटले. मागच्या पायाचा घोट्यावरचा पट्टा सुटेना. खटका उचललाच जात नव्हता. हातमोज्यातून पकड येईना म्हणून त्याने मोजा काढला आणि पाच मिनिटांत बोटं त्याची राहिली नाहीत. "मावशी, मला माझा अंगठा दिसत होता गं, पण तो दाबतोय की नाही तेच कळत नव्हतं," असं तो सांगतो. शेवटी प्रशिक्षक शोधत आले. त्यांनी फावड्याच्या दांड्याने दोन ठोके घातले, बर्फाचा खडा निखळला आणि खटका उघडला. दोन बोटांची टोकं त्याला महिनाभर बधिर होती.

परत आला तेव्हा त्याने तो पट्टा माझ्या टेबलावर ठेवला. ज्यांच्याकडून भाड्याने घेतला होता त्यांना विचारून, पैसे देऊन आणला होता. मी भिंग लावून पाहिलं आणि मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. मोटरसायकलच्या हेल्मेटला हनुवटीखाली जी दातेरी पट्टी आणि खटका असतो, तीच जात. पट्टी आत सरकवली की दात्यांवरून एक छोटी जीभ टक टक टक करत मागे पडते आणि उलट दिशेला जाऊ देत नाही. खटका उचलला की जीभ वर होते, पट्टी सुटते. जिभेच्या मागे एक स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग बसवायला एक खळगा. तीन बाजूंनी बंद. मुंबईत त्या खळग्यात घाम साठला असता, वाळला असता. तिथे बर्फ शिरला, अंगाच्या उबेने वितळला आणि ऊन कलल्यावर पुन्हा गोठला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत एवढं फुगलं तर जिभेला हलायला वाव उरत नाही.

ज्यांनी स्नोबोर्ड टीव्हीवरच पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण दीड मीटर लांबीची एक फळी, तिच्यावर माणूस आडवा उभा राहतो, दोन्ही पाय फळीला बांधून. बांधणारं उपकरण म्हणजे बाइंडिंग. खाली बैठक, ती बहुतेक वेळा मधल्या गोल चकतीतून चार स्क्रूंनी फळीत घट्ट केलेली. मागे पोटरीपर्यंत येणारी पाठ. वरून दोन पट्टे, एक घोट्यावर आणि एक बोटांवर. पंजाच्या कडेवर वळताना टाच वर उचलली जाऊ पाहते, तिला घोट्यावरचा पट्टा धरून ठेवतो. टाचेच्या कडेवर वळताना पोटरी मागच्या पाठीवर रेलते आणि त्या रेलण्यानेच फळीची कड बर्फात रुतते. म्हणजे बाइंडिंग नुसती धरून ठेवत नाही, पायाच्या मनातलं फळीला सांगते. ढिली पडली की दोघांचं बोलणं तुटतं.

आता यातली खरी विचित्र गोष्ट. स्कीची बाइंडिंग पडताना आपोआप सुटते. सुटायलाच हवी, कारण प्रत्येक पायाला लांब दांडा बांधल्यासारखी स्की असते आणि ती वळली की गुडघ्याला पीळ बसतो. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत ओरेगनला स्थायिक झालेला स्कीपटू याल्मार व्हाम १९३७ साली माउंट हूडवर पाय मोडून इस्पितळात पडला होता, आणि तिथे अंथरुणातच त्याने आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगचं चित्र काढलं. आज स्कीच्या दुकानात तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी विचारून किती जोराला सुटायचं ते स्क्रूने ठरवून देतात. स्नोबोर्डची बाइंडिंग मात्र पडलात तरी सुटत नाही. मला आधी हा निष्काळजीपणा वाटला होता. भाच्याने समजावलं तेव्हा पटलं. दोन्ही पाय एकाच फळीवर आहेत. पडताना एक सुटला आणि दुसरा राहिला, तर अख्खी फळी त्या एका पायाला पिळून काढेल. दोन्ही बांधलेले असतील तर फळी आणि माणूस एकत्र गडगडतात आणि गुडघे बऱ्यापैकी वाचतात. मार बहुतेक मनगटांवर जातो, कारण माणूस हात टेकतो.

म्हणजे स्नोबोर्डला निरगाठ लागते. डोंगराने कितीही ओढलं तरी न सुटणारी. आणि त्याच क्षणी त्याच माणसाच्या हाताला ती सुरगाठ असायला हवी. वडिलांच्या सुतळीपाशीच मी येऊन पोचले होते.

सुरुवातीला पाय बांधायचेच नव्हते. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेनने मुलींना खेळायला दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली, तिचं नाव स्नर्फर. पुढे टोकाला दोरी असायची, ती हातात धरायची आणि पाय नुसते वर ठेवायचे. जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ साली व्हर्माँटमध्ये फळ्या बनवायला घेतल्या. १९७९ला मिशिगनमधल्या स्नर्फरच्या स्पर्धेत तो पाय बांधलेली फळी घेऊन गेला, तर लोकांनी हरकत घेतली आणि त्याच्यासाठी वेगळा खुला गट करावा लागला. पाय बांधले म्हणून फळी ऐकायला लागली. पण तेव्हापासून दर फेरीला बसा, बर्फ झाडा, बांधा, उतरा, सोडा, हे मागे लागलं ते लागलंच. पाळण्याच्या लिफ्टवर चढताना मागचा पाय सोडायचा, पुढचा बांधलेलाच. वर गेलं की पुन्हा बसायचं. स्कीवाले सोबती खट्कन बूट अडकवून निघूनही जातात.

नव्वदच्या दशकात याला एक उत्तर आलं. पट्टे काढून टाका, बुटाच्या तळाला धातूचं कुलूप लावा, सायकलच्या पेडलसारखं. ही तुलना उगाच केलेली नाही. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीच्या बाइंडिंगमध्ये मुरलेली. तिने १९८४ साली बूट अडकवायचं सायकलचं पेडल आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, हात लावावाच लागत नाही. मग स्नोबोर्डला का नको? शिमानोसारख्या सायकलवाल्या कंपनीनेही यात हात घातला होता. पण रस्त्यावरच्या पेडलखाली बर्फ साठत नसतो. डोंगरावर तुम्ही चार पावलं चाललात की बुटाच्या तळातल्या त्या खोबणीत बर्फ दाबून बसतो, वजनाने त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि पाव मिनिटात तिथे दगड तयार होतो. कुलूप बसत नाही. शिवाय पट्टे गेले म्हणून बूटच ताठ करावा लागला आणि लोकांना पायाखालची फळी जाणवेनाशी झाली. काही वर्षांत ती लाट ओसरली.

मागची पाठच खाली पाडून मागून पाय सरकवायचा, अशीही एक जात निघाली आणि ती टिकली. समतल जागेवर ती मला फार आवडते. खोल बर्फात मात्र पाठ मागे पाडायलाच जागा नसते.

२०१७मध्ये बर्टनच्या कंपनीने पुन्हा बिनपट्ट्याची बाइंडिंग आणली, आणि तिच्यातली एक गोष्ट पाहून मी खुर्चीतून उठून मिस्त्रीकाकांना हाक मारली होती. त्यांनी कुलूप तळातून उचलून कडेला आणलं. टाचेमागे एक, पंजाच्या दोन बाजूंना दोन. तळाला बर्फ चिकटला तरी कुलपाच्या तोंडाशी तो कमी येतो. काका बराच वेळ चित्र बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, साच्यात पण असंच असतं. कचरा जिथे पडणार तिथे सांधा ठेवायचाच नाही."

गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः गुलमर्गला जाऊन आले. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा बर्फ पाहिला. खरा बर्फ फ्रीजमधल्या बर्फासारखा अजिबात नसतो. हातात घेतला तर वजन लागत नाही आणि मूठ वळली तर कापसासारखा दबतो. गोंडोला, म्हणजे तारेवरचा बंद पाळणा, दोन टप्प्यांत अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ४,००० मीटरवर नेते. मी पहिल्या टप्प्याला कोंगडोरीला उतरले आणि तीन दिवस एका बाकावर वही घेऊन बसले. लोक घसरताना मी पाहिलंच नाही, फक्त हात पाहिले. कुणी मोजा दातांत धरून काढतं. कुणी मोज्यासकटच मनगटाने खटका ढकलतं. एक मुलगी होती, तिने प्रत्येक खटक्याला बुटाच्या नाडीचा तुकडा बांधला होता आणि ती बोटांनी काही न उचलता नाडीला मुठीत धरून वर ओढायची. तिचं मी एक पान भरून चित्र काढलं, पण त्याचा अर्थ मला तिथे कळला नाही. तो कळायला मुंबईला परत यावं लागलं.

झाडांच्या त्या खड्ड्यांबद्दलही तिथेच नीट ऐकलं. फर, देवदार अशा झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ दाबला जात नाही, पोकळ राहतो. वरून काहीच कळत नाही. माणूस त्यात डोक्यावर पडला की पाय वर, फळी वर, डोकं खाली, आणि भुसभुशीत बर्फ वरून ओघळत राहतो. अमेरिका-कॅनडात स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यांत ठेवून पाहिलं होतं. दहातले नऊ जण स्वतःहून बाहेर येऊ शकले नाहीत. पायातली फळी निघाली तर निदान वळता येईल. पण उलट्या लोंबकळलेल्या माणसाचा हात स्वतःच्या घोट्यापर्यंत पोचत नाही. माझ्या भाच्याचं डोकं वर होतं, एवढंच काय ते नशीब. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी झोपू शकले नाही.

परतल्यावर पहिले दोन नमुने मी बनवले ते वाया गेले. पहिल्यात बंद खळगे काढून सगळीकडे आरपार जाळी केली, बर्फ खाली गळून पडावा म्हणून. ते बरोबर होतं, पण जाळी केल्यावर बैठक पिळायला लागली. दुसरा नमुना जुलैत घेतला. काचेचे तंतू भरलेला नायलॉन वापरला होता. नायलॉन हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, काच घातली की कमी पण पितोच. मुंबईच्या जुलैत मोजलेली जीभ सुरेख बसत होती. तीच जीभ आठवडाभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात कोरडी करून बसवली तर खुळखुळायला लागली. तेव्हापासून आम्ही जीभ नायलॉनची करणं सोडलं, ॲसिटल नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकची केली. ते पाणी फारसं पीत नाही.

पण खरी अडचण घर्षणाची होती. ती मी लाइफ जॅकेटवर शिकायला हवी होती, तिथे मात्र बोटांच्या जोरावर निभावून गेलं होतं. कुठलंही कुलूप मोकळं असताना सहज उघडतं. ओझ्याखाली उघडून दाखवलं तर खरं. समजा उलट्या लोंबकळणाऱ्या माणसाचा साठ किलो भार एका जिभेवर आलाय. प्लास्टिकवर धातू घसरताना घर्षण भाराच्या एक पंचमांश धरलं तरी ती जीभ सरकवायला बारा किलोची ओढ लागते. हातात भाजीची बारा किलोची पिशवी धरून पाहा, आणि मग गारठलेल्या बोटांच्या चिमटीत ती धरायची कल्पना करा.

पॅराशूटवाल्यांनी हे कोडं सोडवलेलं आहे. बिघडलेली छत्री हवेतच सोडून देता यावी म्हणून बिल बूथने सत्तरच्या दशकात तीन कड्यांची युक्ती काढली. मोठ्या कडीतून मधली, मधलीतून छोटी ओवायची, छोटी एका दोऱ्याच्या फासाने अडवायची. प्रत्येक कडी भार कमी कमी करत पुढच्या कडीला देते, आणि उरलेला भार शेवटी हाताने सहज ओढता येईल अशा बारीक तारेवर येऊन थांबतो. ही सरळ सरळ सुरगाठ आहे, कड्यांची. मी कड्या घेतल्या नाहीत, बर्फात त्या गोठतील. पण भार पायरीपायरीने उतरवायचा, ही गोष्ट घेतली. जीभ सरकण्याऐवजी छोट्या स्टीलच्या रुळावर फिरते, आणि रूळ एका आडव्या दांडीने अडवलेला असतो. दांडी ओढण्याची दिशा पायाच्या ओढीला काटकोनात. डोंगर ज्या बाजूने खेचतो त्या बाजूने हा सांधा उलट अधिक घट्ट बसतो.

दांडी ओढायची कशाने, हा प्रश्न उरला. मी तिला एक छान चपटी पकड दिली होती, अंगठा आणि तर्जनीला बसेल अशी. वहीत ती फार देखणी दिसायची.

बर्फाची परीक्षा मुंबईत कशी करायची, हे काकांनी सुचवलं. कुल्फीवाला मटक्यात बर्फ आणि खडे मीठ घालतो. नीट मिसळलं तर ते मिश्रण उणे वीस अंशांच्या आसपास जातं. आम्ही थर्माकोलच्या पेटीत तेच केलं, नमुना जाड पिशवीत घालून, म्हणजे मीठ लागणार नाही. पण भरपूर चुरा हवा होता, म्हणून मी पहाटे पाचला ससून डॉकला गेले. १८७५ सालापासूनचा हा धक्का. बोटी लागलेल्या, कोळंबीचे ढीग, आणि बर्फाच्या लाद्या मशीनमध्ये घालून फोडायचा तो कर्कश आवाज. एका पाटीवालीच्या शेजारी मी माझी पेटी ठेवली. वयस्कर कोळीण, हातभर हिरव्या बांगड्या. ती कोपरापर्यंत बर्फात हात घालून पापलेटं रचत होती. माझा नमुना बघून म्हणाली, "काय गो बाय, ह्यो कसला मासा?"

मी तिला सांगितलं. बूट, फळी, डोंगर, गारठलेली बोटं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग शेजारची टोपली पुढे ओढली. टोपलीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर नायलॉनच्या दोरीची सुरगाठ. दोरीच्या सुट्या टोकाला तिने लिंबाएवढी जाड गाठ मारून ठेवली होती. ती लिंबाएवढी गाठ तिने न बघता, पापलेटांकडे बघत, मुठीत पकडली आणि खेचली. दोरी सुटली.

मी तिला विचारलं, "मावशी, ही गाठ कशाला?"

तिने मला बोटं दाखवली. पांढरी पडलेली, टोकांना सुरकुतलेली. एकेक बोट तिने हलवून दाखवलं, म्हणजे हलवायचा प्रयत्न केला, ती नीट हलत नव्हती. मग मूठ वळून दाखवली. मूठ घट्ट वळत होती.

मी तिथेच पेटीवर बसले. बोटांचं बारीक काम आणि कातडीची जाणीव गारठ्यात आधी जाते. मूठ वळवणारे मोठे स्नायू तर पुढच्या हातात, कोपराखाली, गरम बाह्यांच्या आत असतात. ते जास्त वेळ चालतात. शरीराबद्दलची ही माहिती मला होती. लाइफ जॅकेटच्या वेळी वाचलेली होती. तरी मी अंगठा आणि तर्जनीची पकड काढून बसले होते, आणि कोंगडोरीच्या त्या मुलीची नाडी वहीत असून मला दिसली नव्हती. माझ्या भाच्याचा अंगठा दाबत नव्हता. त्याची मूठ तेव्हा कशी होती, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी डॉकवरून फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मूठ ना? मुठीने तर मी बर्फावर आपटत होतो."

पकड गेली, दोरी आली. टोकाला रबराचा गोळा, लिंबाएवढाच. आता वडिलांचा प्रश्न. टोक कुठं ठेवायचं? घोट्याशी ठेवलं तर उलट्या माणसाला पोचत नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूने वर आणलं तर फांदीला अडकून उतारावर एकच पाय सुटेल, आणि ते न सुटण्यापेक्षा वाईट. भाच्याचं म्हणणं, एकाच दोरीने दोन्ही पाय सुटावेत. ऐकायला ते बरोबर आहे, पण त्यासाठी दोन बैठकांमधून फळीवर तार न्यावी लागते आणि तारेच्या नळीत पाणी गोठलं की दोन्ही पाय एकदमच अडकले. यावर आमचं अजूनही भांडण आहे. सध्या दोन दोऱ्या आहेत, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, बुटाच्या वरच्या पट्ट्यातून वर आणलेल्या, आणि गोळा कापडी खिशाच्या तोंडाशी लोहचुंबकाने धरून ठेवलेला. फक्त वर, मांडीच्या दिशेने ओढलं तरच दांडी सरकते. आडवं ओढलं तर चुंबक सुटतो, दांडी हलत नाही. दोन पायांच्या मध्ये फांदी सहसा येत नाही, हात मात्र दोन्ही पोचतात.

आणखी एक नारिंगी पट्टी आहे, तिच्याबद्दल मला फार वाटतं. सांधा पूर्ण बसला की ती झाकली जाते. अर्धवट बसला तर दिसत राहते. वाऱ्यात 'कटक्' ऐकू येत नाही आणि जाड बुटातून जाणवत नाही, म्हणून डोळ्याला काहीतरी हवं. अर्धवट बसलेलं बकल उघड्या बकलापेक्षा धोक्याचं, हे हेल्मेटवाल्यांनी मला कधीच शिकवलंय.

मागच्या शनिवारी सातव्या नमुन्याची परीक्षा झाली. गाळ्यातल्या चेनपुलीला फळी उलटी टांगली, बाइंडिंगमध्ये बूट, बुटाखाली दाण्याची पंचवीस किलोची दोन पोती आणि दहा किलोचं वजन. रात्रभर नमुना पेटीत होता. भाच्याने उजवा हात बर्फाच्या बादलीत घातला. काकांनी घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी त्याने हात बाहेर काढला, डोळे मिटले आणि मूठ पुढे केली. गोळा पहिल्या झटक्यात सापडला. ओढला. पोती खाली ठेवलेल्या गादीवर धपकन पडली आणि शेजारच्या गाळ्यातली पोरं धावत आली.

डाव्या पायाची बाइंडिंग पहिल्या वेळी सुटली, दुसऱ्या वेळी सुटली, तिसऱ्या वेळी अडली. भाचा दोनदा ओढून थांबला. काकांनी पुलीवरून भार उतरवला, बॅटरी लावून रुळाच्या बाजूला पाहिलं. दांडी आणि भिंत यांच्यामध्ये कागदाएवढी फट, आणि त्या फटीत बर्फाचा पातळ पापुद्रा. उजव्याच्या साच्यात ती भिंत काकांनी हाताने घासून किंचित तिरकी केली होती, डाव्याच्या साच्यात राहून गेली होती.

जानेवारीत भाचा गुलमर्गला जाईल तेव्हा त्याच्या पायांत नेहमीची पट्ट्यांचीच बाइंडिंग असेल, प्रत्येक खटक्याला नाडीचा तुकडा बांधलेली. आमची अजून कुणाच्या पायाला लावायची नाही, हे मी ठरवलंय आणि त्यावर भांडण ऐकून घेणार नाही. डाव्याचा साचा सोमवारी मशीनवरून उतरवलाय. काका ती भिंत घासतायत. बुधवारी नवा नमुना पडेल, गुरुवारी पहाटे मी पेटी घेऊन डॉकला जाईन.